दारची कोंबडी : स्वावलंबन, जीवदया आणि शेजाऱ्याचा हक्क

घरच्या चार-सहा कोंबड्या हा दीनच्या मासिकात चर्चेला घेण्याजोगा विषय आहे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु ज्या दीनने रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करण्यालाही ईमानाची शाखा ठरविले, त्या दीनच्या दृष्टीने आपल्या दारातील खुराडेही हिशेबाबाहेर राहत नाही. त्या खुराड्यात आपली रोजी आहे, एक मुका जीव आहे आणि भिंतीपलीकडे शेजारी आहे. या तिघांचे हक्क एकमेकांच्या आड आले तर ईमानधारकाने काय करावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ कल्पनेतील नाही. ठाणे जिल्ह्यातील ज्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आणि त्यालगतची भातसानगरची वसाहत आहे, त्याच तालुक्यातील वेहळोली गावी फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कुक्कुटपालन केंद्रातील सुमारे शंभर कोंबड्या अचानक मेल्या. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू आढळला. केंद्रापासून एक किलोमीटरच्या परिघातील सुमारे २५,००० पक्षी मारून टाकण्याचा निर्णय प्रशासनाने घेतला. असा परिघ आखला जातो तेव्हा मोठ्या व्यापाऱ्याची शेड आणि गरिबाचे खुराडे असा भेद केला जात नाही. रेषेच्या आत जे पक्षी आले ते सर्व जातात.

वाचकहो, अशा वेळी आपले घर त्या रेषेच्या आत आहे असे समजा. दारात सहा कोंबड्या आहेत. एकही आजारी नाही. त्यांतील एक खुडूक होऊन अंड्यांवर बसली आहे आणि एकवीस दिवस भरायला थोडेच दिवस उरले आहेत. अंडी विकून आलेल्या पैशांतून घरातील बाई मुलांच्या वह्या घेते. उद्या सकाळी पथक येणार आहे. माळ्यावर डालग्याखाली दोन कोंबड्या झाकून ठेवल्या तर कोणाला कळणार? कोंबड्या आपल्या, कमाई हलाल आणि जीव निरोगी. मग त्या लपविण्यात गैर ते काय?

या प्रश्नाचे उत्तर घाईने देणे योग्य नाही. त्यासाठी प्रथम स्वावलंबन म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे.

स्वकष्टाची रोजी आणि निरपेक्षतेचा भ्रम

स्वतःच्या हाताने कमावलेल्या घासापेक्षा उत्तम घास नाही आणि अल्लाहचे प्रेषित हजरत दाऊद (अलै.) हे आपल्या हातच्या कमाईवर जगत असत, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. दोरी घेऊन रानात जावे, पाठीवर मोळी आणून विकावी, हे लोकांपुढे हात पसरण्यापेक्षा चांगले, असेही त्यांनी सांगितले. हे दोन्ही उपदेश सहीह बुखारीत आहेत. म्हणून जे कुटुंब महागाईच्या दिवसांत चार कोंबड्या पाळून घरखर्चाला हातभार लावते, ते कमीपणाचे काम करीत नाही. टाळेबंदीच्या काळात बाजार बंद पडले तेव्हा शहरांतील अनेक घरांना दारच्या अंड्याचे मोल कळले. गच्चीवर किंवा चाळीमागच्या मोकळ्या जागेत खुराडे बांधण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे.

तरीही स्वावलंबनाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. गावरान कोंबडी वर्षाला साधारण पन्नास ते साठ अंडी देते. दहा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते आणि काही काळ अंडी थांबतात. वनराज किंवा गिरिराज यांसारख्या सुधारित जातींची कोंबडी वर्षाला शंभराहून अधिक अंडी देते. पाच माणसांच्या घरात प्रत्येकाने रोज एक अंडे खायचे ठरविले तर वर्षाला १,८२५ अंडी लागतात. म्हणजे तीसहून अधिक गावरान कोंबड्या झाल्या. चाळीच्या सज्जात तीस कोंबड्या मावत नाहीत. सहा गावरान कोंबड्या वर्षाला तीन-साडेतीनशे अंडी देतील, म्हणजे सबंध घराला मिळून रोजचे एक अंडेही पुरते पडणार नाही.

शिवाय त्या सहा कोंबड्या तरी कशावर जगतात? मका आणि तांदळाची कणी बाजारातून येते. सुधारित जातीची पिल्ले उबवणी केंद्रातून येतात. मानमोडी, ज्याला राणीखेत रोग म्हणतात, त्याची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून येते. खुराडे धुवायचे पाणी नळाला येते, आणि मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसा धरणाचे असते. शहापूर तालुक्यातील हे पाणी पिसे आणि पांजरापूरमार्गे महानगरात पोहोचते, तर त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवरील बायाबापड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. मुंबईच्या गच्चीवर कोंबडी पाळून "मी स्वयंपूर्ण झालो" असे म्हणणाऱ्याच्या हातातील पाण्याचा तांब्या कोणाच्या तरी डोंगरातून आलेला असतो.

दिव्य कुरआनने या बाबतीत आपल्याला फार नेमकी दृष्टी दिली आहे. सूरह फातिरमध्ये (३५:१५) सर्व मानवांना स्मरण दिले आहे की आपण सारे अल्लाहचे गरजवंत आहोत आणि निरपेक्ष फक्त तोच आहे. अल्-गनी आणि अस्-समद ही त्याची नावे आहेत, कोणा माणसाची नव्हेत. सूरह अल्-अलकमध्ये (९६:६-७) मनुष्याच्या शिरजोरीचे कारणच असे सांगितले आहे की तो स्वतःला निरपेक्ष समजू लागतो. येथे दोन गोष्टींतील फरक लक्षात घेतला पाहिजे. लोकांपुढे हात न पसरणे ही खुद्दारी आहे आणि ती ईमानाची शोभा आहे. आपल्याला कोणाची गरज नाही, म्हणून आपल्यावर कोणाचा हक्कही नाही, असे मानणे हा इस्तिग्ना आहे आणि शिरजोरीची सुरुवात तेथूनच होते. बाहेरून पाहता दोघांचे खुराडे सारखेच दिसते. फरक पडतो तो शेजाऱ्याचा विषय निघाला म्हणजे.

गलबतातील खालचे लोक

हजरत नोमान बिन बशीर (रजि.) यांनी कथन केलेली आणि सहीह बुखारीत आलेली गलबताची हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. एका गलबतात काही लोकांना वरचा मजला मिळाला आणि काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. त्यांनी विचार केला की आपण आपल्या भागात एक भोक पाडून घेऊ, म्हणजे वरच्यांना त्रास होणार नाही. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील आणि त्यांचे हात धरले तर सगळेच तरतील, असा त्या दृष्टान्ताचा आशय आहे.

या दृष्टान्तातील एक गोष्ट आपण सहसा विचारात घेत नाही. खालच्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. ते चोर नव्हते किंवा बंडखोर नव्हते. त्यांना तहान होती आणि वरच्यांना उपद्रव देण्याची इच्छा नव्हती. आपली सोय आपणच करावी, एवढेच त्यांच्या मनात होते. ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो ते हेच. जागाही त्यांचीच होती. हेतू चांगला आणि जागा हक्काची असूनही ते कृत्य सर्वांना बुडविणारे होते, कारण फळी त्यांच्या वाट्याची असली तरी समुद्र वाटलेला नव्हता.

डालग्याखाली लपविलेली कोंबडी ही त्या फळीसारखी आहे. कोंबडी आपली आहे, परंतु विषाणू आपल्या मालकीची हद्द ओळखत नाही. कोंबडी निरोगी दिसते हा पुरावाही पुरेसा नाही, कारण लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही काळ जातो आणि बदकांसारखे काही पक्षी तर फारसे आजारी न पडताही विषाणू पसरवू शकतात. माणसालाही धोका आहे. तो सहसा होत नाही, पण झाला तर जीवघेणा ठरतो. २००३ पासून जगभरात ज्या माणसांना एच५एन१ ची लागण झाल्याची नोंद झाली, त्यांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. भारतात या विषाणूने झालेला पहिला मानवी मृत्यू २०२१ साली नोंदला गेला, आणि तो एका अकरा वर्षांच्या मुलाचा होता. महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. देशातील पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता आणि तेथे लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. २०२१ मध्ये त्याच नवापूरवर ती वेळ पुन्हा आली.

तीन आक्षेप

येथे तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते धर्माच्याच भाषेत घेतले जात असल्यामुळे त्यांचा विचार करणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप तकदीरचा. रोग अल्लाहच्या हुकुमाने येतो, मग माणसाने एवढी धावपळ का करावी? याचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांच्या आचरणात आहे. शामच्या वाटेवर सर्ग येथे त्यांना प्लेगची बातमी मिळाली आणि ते सोबत्यांसह माघारी वळले. हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की आपण अल्लाहने ठरविलेल्या नियतीपासून पळता काय? तेव्हा हजरत उमर (रजि.) यांनी सांगितले की आम्ही अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. पुढे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितांचा आदेश ऐकविला, की साथीच्या प्रदेशात जाऊ नये आणि तेथे असाल तर पळून बाहेर पडू नये. आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांजवळ नेऊ नयेत, ही ताकीदही हदीसमध्ये स्पष्ट आहे. जो आदेश उंटांना लागू होतो तो कोंबड्यांना का लागू होऊ नये? साथीच्या रात्री पिशवीत कोंबडी घालून दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे पोहोचविणे हे या आदेशाचे सरळ उल्लंघन आहे.

दुसरा आक्षेप जीवदयेचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. जो कोणी चिमणीएवढा जीवही हक्काविना मारील त्याला अल्लाहसमोर जाब द्यावा लागेल, आणि त्याचा हक्क म्हणजे त्याला जबह करून खाणे, नुसते मारून फेकून देणे नव्हे, असा आशय सुनन नसाईतील हदीसमध्ये आला आहे. मग हजारो कोंबड्या मारून खड्ड्यात पुरणे हे काय आहे? सूरह अल्-अनआममध्ये (६:३८) तर पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांनाही आपल्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. हा आक्षेप उडवून लावणे बरोबर नाही. ज्याला त्या खड्ड्याकडे पाहून काहीच वाटत नाही, त्याच्या मनाची काळजी वाटली पाहिजे. तरीही ज्या शरीअतने हक्काविना मारण्यास मनाई केली, त्याच शरीअतने इजा पोहोचविणाऱ्या काही प्राण्यांना हरमच्या हद्दीतही मारण्याची परवानगी दिली आहे, कारण मानवी प्राणांचे रक्षण हा शरीअतचा मूलभूत उद्देश आहे. माणसांचे आणि इतर असंख्य पक्ष्यांचे प्राण वाचविण्यासाठी मारणे हे हक्काविना मारणे होत नाही. मात्र परवानगी मिळाली म्हणून क्रौर्याची मुभा मिळत नाही. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे उत्तम रीत, आवश्यक केली आहे आणि जीव घेतानाही कमीत कमी यातना देण्याचा आदेश आहे. हे काम करणाऱ्यांवर ही जबाबदारी आहे, आणि हजारो पक्षी दाटीवाटीने कोंडून रोगाला घर करून देणाऱ्यांवर त्याहून मोठी आहे.

तिसरा आक्षेप न्यायाचा. रोग मोठ्या शेडमध्ये उद्भवला असेल तर त्याची शिक्षा माझ्या सहा कोंबड्यांना का? फिक्हच्या ग्रंथांत एक नियम आहे, की सार्वत्रिक हानी टाळण्यासाठी विशिष्ट हानी सोसली जाते. उस्मानी काळातील मजल्ला या संहितेत तो सव्विसावे कलम म्हणून नोंदलेला आहे. या नियमाच्या दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. एका बाजूला, घराने हानी सोसावी. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्यासाठी ती सोसली त्यांनी त्या घराला एकटे सोडू नये. मारलेल्या पक्ष्यांसाठी शासन नुकसानभरपाई देते, आणि ती साधारणतः पथकाने मारलेल्या पक्ष्यांसाठी असते, आधीच रोगाने मेलेल्यांसाठी नसते. म्हणून वेळेवर खबर देण्यात पालकाचेही हित आहे. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या २००९ च्या केंद्रीय कायद्याने तर अशी खबर देणे मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे. परंतु खुडूक बसलेली कोंबडी, उबत आलेली अंडी आणि पुढच्या चार महिन्यांचा बाजारखर्च कोणत्याही भरपाईत बसत नाही. ती उणीव भरून काढणे हे मोहल्ल्याचे आणि जमातीचे काम आहे. साथ ओसरल्यावर, प्रशासनाची परवानगी मिळताच, दोन तलंगा आणि पोतेभर दाणे त्या घरी पोहोचविणारा शेजारी गलबताच्या हदीसचा अर्थ समजला असे म्हणता येईल. वरच्या मजल्यावरच्यांनी खालच्यांचे हात धरायचे आहेतच. त्याबरोबर त्यांनी खालच्यांना पाणीही द्यायचे आहे, हे त्या दृष्टान्तातून आपोआप निघते.

तेव्हा त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर असे : कोंबडी लपवू नये. पथकाला फसवता येईल. अल्लाहला फसवता येणार नाही. आणि ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) शपथपूर्वक दिलेला इशारा आठवला, तर दोन कोंबड्यांचे मोल फारच कमी वाटू लागेल.

साथ नसलेल्या दिवसांत

अशी कसोटीची रात्र फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीचे दिवस साधे असतात, आणि त्या रात्री आपण काय करू हे या साध्या दिवसांतच ठरत असते. म्हणून शहरात कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

प्रथम कोंबडीचा हक्क. तिला वळायला, पंख पसरायला आणि माती उकरायला जागा नसेल तर ती पाळू नये. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. सज्जातील पिंजऱ्यात तहानलेली कोंबडी ठेवून मे महिन्यात गावी जाणाऱ्याने ती आठवावी. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी एकदा पाहिले की एका घरच्या मुलाने कोंबडी बांधून ठेवली आहे आणि तिच्यावर नेम धरून तीर मारीत आहे. ते स्वतः चालत गेले, कोंबडी सोडली आणि घरच्यांना समज दिली. बुखारीतील हा प्रसंग विशेष आहे, कारण येथे एका थोर सहाबींनी एका कोंबडीसाठी आपली वाट सोडली. घरातील मुलांनी कोंबडीमागे दगड घेऊन धावणे हा खेळ नव्हे, हे त्यांना याच प्रसंगातून शिकवावे.

दुसरी गोष्ट आहाराची. गटारातील घाण खाणाऱ्या प्राण्याला जल्लाला म्हणतात आणि त्याचे मांस व दूध यांस हदीसमध्ये मनाई आली आहे. घाण खाणारी कोंबडी हजरत इब्ने उमर (रजि.) तीन दिवस कोंडून स्वच्छ दाणे खाऊ घालत आणि मगच ती खाण्यास घेत. शहरातील उघड्या नाल्यांचा विचार करता हा नियम आज अधिकच लागू पडतो. हलाल म्हणजे केवळ सुरी फिरविण्याची रीत असे समजणे अपुरे आहे. त्या जिवाने काय खाल्ले, तो कसा जगला, हेही त्यात येते.

तिसरी गोष्ट शेजाऱ्याची. विष्ठेची दुर्गंधी, माश्या आणि पिसे यांचा उपद्रव खालच्या मजल्यावर जाऊ नये. विष्ठेत कोरडी माती किंवा भुसा मिसळून ती वाळवली तर झाडांना उत्तम खत होते. कोंबडा नमाजसाठी जागे करतो म्हणून त्याला शिव्या देऊ नयेत, असे अबू दाऊदमधील हदीस सांगते, आणि त्याची बांग ऐकून अल्लाहचा फज्ल मागावा असेही आले आहे. परंतु या फजीलतीने शेजारच्या आजारी वृद्धेच्या झोपेचा हक्क रद्द होत नाही. अंड्यांसाठी कोंबड्याची गरजही नसते. कोंबडी त्याच्याविना अंडी देते. पिल्ले काढायची असतील तरच तो लागतो, आणि त्याची जागा दाट वस्तीत नसून शहापूर-मुरबाडकडच्या मोकळ्या आवारात आहे. आपल्या नगरपालिकेचे याविषयीचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि सोसायटीची संमती घ्यावी. शेजारी मुस्लिम नसेल, शाकाहारी असेल, तर अधिक जपावे. त्याचा शेजारहक्क त्याने काही कमी होत नाही.

आणि शेवटची गोष्ट अंड्यांची. शेजारणीने पाठविलेली बकरीच्या खुराएवढी भेटही क्षुल्लक मानू नये, असे प्रेषितांनी (स.) मुस्लिम स्त्रियांना सांगितले. सहा कोंबड्या आपल्याला बाजारापासून मुक्त करू शकणार नाहीत, हे वरच्या हिशेबात आपण पाहिलेच. मात्र आठवड्याला दोन अंडी शेजारच्या घरी पाठविण्याइतके ऐश्वर्य त्या नक्कीच देतात. ज्या घरातून अंडी येत राहिली, त्या घराच्या खुराड्यावर कठीण दिवस आला तर शेजारी धावून येतो. ज्या घरातून केवळ दुर्गंधी आली, त्याच्या दाराकडे तो पाठ फिरवतो. घराची खरी सुरक्षितता कशात असते, हे यावरून समजावे.

पक्षी सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, असा तवक्कुलचा दाखला प्रेषितांनी (स.) दिला. त्या पक्ष्यांपैकी एकही धान्य साठवीत नाही आणि एकही घरट्यात बसून राहत नाही. आपणही कष्ट करावेत, दारात कोंबडी पाळावी, हात पसरू नयेत, आणि त्याच वेळी हे विसरू नये की दाणा देणारा अल्लाह आहे आणि तो दाणा आपल्यापर्यंत अनेक हातांनी पोहोचला आहे. अल्लाह आपल्याला स्वकष्टाची हलाल रोजी देवो, मुक्या जिवांवर दया करण्याची सद्बुद्धी देवो आणि ज्यांचे शेजारी निर्धास्त झोपतात अशा दासांत आपली गणना करो. आमीन.